बांधाविना शेत : लॅक्सटन गावाच्या वारशाचा प्रकरण अभ्यास

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात, न्यूअर्क शहराच्या उत्तरेला भारी चिकणमातीच्या प्रदेशात लॅक्सटन नावाचे एक लहान गाव आहे. गावात एक जुने चर्च आहे, एक मद्यालय आहे, लाल विटांची आणि कौलारू छपरांची शेतघरे आहेत, आणि गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातील किल्ल्याची गवताने झाकलेली टेकडी आहे. एवढ्यावरच थांबले, तर इंग्लंडमध्ये अशी गावे शेकड्यांनी सापडतील. लॅक्सटनचे वेगळेपण गावाबाहेर पडल्यावर लक्षात येते. तेथे वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शेते आहेत. प्रत्येक शेत अनेक शेतकऱ्यांच्या पट्ट्यांमध्ये विभागलेले असूनही दोन पट्ट्यांच्या मध्ये ना कुंपण आहे, ना झाडांची रांग, ना आपल्याकडे असतो तसा बांध. या तिन्ही शेतांचे आजचे क्षेत्र पाचशे एकरांच्या आतबाहेर आहे. त्यांत कोणते पीक कोणत्या वर्षी घ्यायचे आणि कोणाची हद्द कोठे संपते, हे ठरवणारे गावचे न्यायमंडळ आजही दरवर्षी भरते.

मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागातील बहुतेक गावांची शेती याच पद्धतीने चालत असे. ती सगळीकडून गेली आणि येथे उरली, ती का, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे. 'गावकऱ्यांनी परंपरा जपली' हे त्याचे प्रचलित उत्तर कानाला गोड लागत असले, तरी अपुरे आहे. लॅक्सटनची सामाईक व्यवस्था टिकण्यात जमीनदारांचे आपसांतील भांडण, जमिनीची मालकी एका हातात असणे आणि सरकारने ऐनवेळी केलेली खरेदी या गोष्टींचा वाटा गावकऱ्यांच्या निष्ठेइतकाच, किंबहुना काकणभर अधिक आहे, असे मला वाटते.

व्यवस्था कशी चालते

आधी शेताची रचना समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. तीन शेतांपैकी एकात थंडीच्या तोंडावर गहू पेरला जातो, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक असते आणि तिसरे पड राहते. पुढच्या वर्षी हा क्रम एक घर पुढे सरकतो. शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या असतात, त्यामुळे कोणते शेत पड असले तरी त्याच्या पदरी गव्हाची आणि वसंती पिकाची काही जमीन राहतेच. विखुरलेपणाचा आणखी एक अर्थ असा, की चांगली जमीन, पाणथळ जमीन, चढावरची जमीन आणि घरापासून दूरची जमीन सगळ्यांच्या वाट्याला थोडीथोडी येते. एकाच ठिकाणी सलग जमीन असणे सोयीचे असते हे जुन्या शेतकऱ्यालाही कळत होते, परंतु एका कोपऱ्यात पीक बुडाले तर दुसऱ्या कोपऱ्यात काही हाती लागावे, हे त्याला सोयीपेक्षा महत्त्वाचे वाटत असावे.

पट्टीचा मूळ आकार नांगरटीतून आला. नांगराचे एक लांब तास, म्हणजे सुमारे २२० यार्ड, ही तिची लांबी. बैल विसाव्याला येईपर्यंत एका दमात ओढतील एवढे ते अंतर धरलेले होते. त्याला २२ यार्ड रुंदीची जोड दिली की बरोबर एक एकर भरतो, आणि एक एकर म्हणजे ढोबळमानाने एका दिवसाची नांगरट. इंग्रजी मोजमापातील 'फर्लांग' हा शब्दही 'तासाची लांबी' याच अर्थाने घडला आहे. पूर्वी आठ बैलांच्या जड औताला टोकाशी वळायला बरीच जागा लागे. त्यामुळे बैल शेवट येण्याआधीच थोडे तिरपे धरावे लागत आणि वर्षानुवर्षांच्या नांगरटीने पट्ट्यांना दोन्ही टोकांना उलट बाजूंनी वळलेला बाक येई. इंग्लंडच्या मध्य भागात पुढे गवताखाली गेलेल्या जुन्या शेतांतून हे बाकदार उंचवटे आणि चर अजूनही दिसतात. बैल जाऊन काही शतके लोटली, पण त्यांच्या वळणाची खूण जमिनीवर तशीच आहे.

पट्ट्यांच्या मधून काही ओलसर, सखल, गवताळ घळी जातात. त्यांना तेथे 'साइक' म्हणतात. पाणी साचत असल्याने तेथे नांगर चालत नव्हता, म्हणून त्या कधीच नांगरल्या गेल्या नाहीत. त्यांतील गवताचा दरवर्षी लिलाव होतो. शतकानुशतके न उलथलेल्या या मातीत रानफुलांच्या आणि गवतांच्या अशा जाती टिकून आहेत, ज्या आसपासच्या नांगरलेल्या आणि खत घातलेल्या कुरणांतून केव्हाच गेल्या. आज या साइकांना निसर्गदृष्ट्या विशेष महत्त्वाच्या जागा म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. हे संरक्षण नंतर आले. आधी त्यांना वाचवले ते गावाच्या नियमाने आणि चिखलाने.

या सर्व व्यवस्थेवर देखरेख ठेवणारे मंडळ म्हणजे 'कोर्ट लीट'. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक जहागिरीचे असे न्यायमंडळ असे. लॅक्सटनमध्ये त्याचे काम दोन टप्प्यांत चालते. नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांमधून नेमलेली बारा जणांची ज्यूरी आणि तिचा प्रमुख गव्हाच्या शेतात जातात. नुकतीच पेरणी झालेली असते, त्यामुळे कोणी नांगर कोठवर नेला हे उघड्या डोळ्यांना दिसते. ज्यूरी पट्टी-पट्टी चालून पाहते, हद्दीवर खुंट्या ठोकते आणि तीन गोष्टी तपासते : कोणी शेजाऱ्याच्या पट्टीत शिरले आहे का, कोणी सामाईक रस्ता किंवा साइकचा काठ नांगरून आत घेतला आहे का, आणि चर वेळेवर साफ झाले आहेत का. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यासाठी वेगळा शब्द शोधावा लागणार नाही. बांध कोरणे हा प्रकार दोन्हीकडे सारखाच आहे. फरक इतकाच, की लॅक्सटनमध्ये कोरायला बांधच नाही, आणि म्हणून दरवर्षी चालत जाऊन हद्द पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

त्यानंतर आठवड्याभराने गावातील डव्हकोट इन या मद्यालयात कोर्ट भरते. जहागिरीचा कारभारी, जो साधारणतः पेशाने वकील असतो, अध्यक्षस्थानी बसतो. बेलीफ हजेरी घेतो. ज्यूरी आपले निष्कर्ष सांगते आणि दोषी ठरलेल्यांना किरकोळ रकमेचा दंड होतो. दंडाची रक्कम हसण्यासारखी वाटेल, परंतु तिच्याकडे केवळ पैसा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. ज्या खोलीत वर्षभर ज्यांच्यासोबत ऊठबस करायची ती सगळी माणसे हजर आहेत, त्या खोलीत 'अमुक याने रस्त्यात एक तास जास्त घातले' असे मोठ्याने वाचले जाणे हाच खरा दंड असतो. शिवाय दंड ठोठावणाऱ्यांचीही पट्टी त्याच शेतात असते. यंदा ज्याने खुंटी ठोकली, त्याच्या नांगरटीवर पुढच्या खेपेस दुसऱ्या कोणाची नजर असणार, हे सगळ्यांना माहीत असते. गावात मोकाट जनावरे अडकवून ठेवण्यासाठी कोंडवाडा होता आणि त्याचा राखणदारही कोर्टच नेमत असे. कोंडवाड्याची भिंत आज केवळ पाहण्याची वस्तू उरली आहे, मात्र पदाची आठवण टिकून आहे.

१६३५ चा नकाशा

लॅक्सटनबद्दल एवढी नेमकी माहिती उपलब्ध असण्याचे मुख्य कारण म्हणजे १६३५ मधील मोजणी. त्या वेळचे जहागीरदार सर विल्यम कोर्टीन हे लंडनचे बडे व्यापारी होते. त्यांनी मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून संपूर्ण गावाचा नकाशा काढवून घेतला आणि त्यासोबत प्रत्येक पट्टीची, तिच्या धारकाची आणि क्षेत्राची नोंदवही तयार करवली. पट्ट्यांची संख्या हजारांच्या घरात होती आणि पिअर्सने त्या एकेक करून दाखवल्या आहेत. नकाशाच्या मोकळ्या जागांत नांगरणारी, कापणी करणारी आणि शिकार करणारी माणसे चितारलेली आहेत. एखाद्या गावाचा सातबारा, गटनकाशा आणि चित्र एकाच जागी असावे, तसा हा दस्तऐवज आहे. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. ज्या १६३५ मध्ये कोर्टीन या खेड्याची पट्टी-पट्टी मोजून घेत होते, त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाने, पहिल्या चार्ल्सने, त्यांच्या मंडळीला ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला छेद देऊन पूर्वेकडे व्यापार करण्याची परवानगी दिली. त्यांची जहाजे कॅप्टन जॉन वेडेल याच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर १६३६ मध्ये गोव्याला पोहोचली, आणि १६३८ मध्ये कोर्टीन मंडळीने कारवारला वखार घातली. स्वतः सर विल्यम मात्र जहाजे गोव्याला लागण्यापूर्वीच, १६३६ मध्ये वारले. नॉटिंगहॅमशरच्या चिखलातील पट्ट्या आणि कोकण किनाऱ्यावरची मिरी एकाच माणसाच्या हिशेबवहीत येत होती. जमिनीची काटेकोर मोजणी करून घेण्यामागे व्यापाऱ्याची नजर होती, ही गोष्ट लॅक्सटनच्या 'निरागस' ग्रामीण चित्रात सहसा सांगितली जात नाही. जो नकाशा आज वारशाचा मानबिंदू मानला जातो, तो मुळात मालमत्तेचे मूल्य कळावे म्हणून काढलेला होता.

कोर्टीन घराण्याच्या हातून जहागीर लवकरच गेली आणि ती पिअरपॉन्ट घराण्याकडे आली. हेच घराणे पुढे किंग्स्टनचे ड्यूक आणि नंतर अर्ल मॅन्व्हर्स या किताबांनी ओळखले गेले. जवळच्या थोरस्बी येथे त्यांचे मुख्य ठाणे होते.

कुंपणबंदी येथे का पूर्ण झाली नाही

इंग्लंडमधील खुली शेते नाहीशी होण्यामागे 'एन्क्लोजर', म्हणजे कुंपणबंदी, हे मुख्य कारण होते. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून प्रत्येकाला सलग तुकडा द्यायचा, त्याभोवती कुंपण घालायचे आणि त्यावरचे गावाचे सामाईक हक्क संपवायचे, अशी ही प्रक्रिया होती. काही ठिकाणी ती आपसांतील तडजोडीने झाली, तर काही ठिकाणी संसदेच्या कायद्याने. १६०४ ते १९१४ या काळात संसदेत अशी पाच हजारांहून अधिक विधेयके आली आणि त्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या जवळजवळ एक पंचमांश भूमीला कुंपण घातले. उत्पादन वाढले, जमीनदारांचा खंड वाढला, आणि ज्यांच्याकडे सामाईक कुरणावर गाय चारण्याच्या हक्कापलीकडे फारसे काही नव्हते, अशी कुटुंबे मजुरीवर आली.

लॅक्सटन या लाटेपासून पूर्णपणे अलिप्त राहिले, असा समज करून घेणे चूक आहे. १६३५ च्या नकाशात चौथे, पूर्वेकडचे शेतही आहे, जे आज नाही. उरलेल्या तीन शेतांच्या कडाही वेळोवेळी कुंपणात गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्व्हर्स जहागिरीने शेतकऱ्यांच्या विखुरलेल्या पट्ट्यांची अदलाबदल करून त्या मोठ्या आणि संख्येने कमी केल्या. म्हणजेच आज दिसणारी पट्टी मध्ययुगातील पट्टीपेक्षा कितीतरी रुंद आहे. जाणकार निरीक्षकाला येथे मध्ययुग जसेच्या तसे सापडणार नाही. मध्ययुगात घडलेली आणि नंतर वारंवार दुरुस्त होत आलेली एक चालती व्यवस्था त्याला दिसेल.

मग उरलेली शेते कुंपणाबाहेर का राहिली? एकोणिसाव्या शतकात गावातील बहुतेक जमीन अर्ल मॅन्व्हर्स यांची होती, परंतु अर्ल ऑफ स्कार्बरो यांचाही मोठा हिस्सा होता. कुंपणबंदीसाठी दोघांचे एकमत हवे होते आणि ते झाले नाही, असे कारण सर्वसाधारणपणे दिले जाते. कुंपणबंदीला खर्चही बराच येत असे : मोजणीदार, वकील, संसदेचे शुल्क, शिवाय मैलोन्‌मैल कुंपण आणि नवे रस्ते. भारी चिकणमातीच्या जमिनीत एवढा खर्च करून काय पदरात पडेल, हा विचारही त्यामागे असू शकतो. सांगायचा मुद्दा असा, की लॅक्सटन वाचले तेव्हा ते वाचवण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. दोन उमरावांचे जमले नाही, एवढेच घडले. वारसा म्हणून जे आपण नंतर जपतो, त्यातील बराच भाग आधी असाच कोणाच्या तरी अडेलपणामुळे किंवा आळसामुळे शिल्लक राहिलेला असतो.

कुंपणबंदी न झाल्याचा एक परिणाम गावाच्या रस्त्यावरही दिसतो. जेथे जमीन सलग झाली, तेथे शेतकऱ्यांनी नवी घरे शेतांच्या मध्यभागी बांधली आणि जुने गाव विरळ झाले. लॅक्सटनमध्ये पट्ट्या चहूकडे विखुरलेल्या असल्याने शेतात राहायला जाण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून शेतघरे, गोठे आणि धान्याची कोठारे गावातल्या रस्त्यालाच लागून राहिली, कित्येकांची बाजूची भिंत रस्त्याकडे आणि मागे लांब, निमुळती परसदारे अशा रचनेत.

चर्चच्या वाट्याला मात्र हे नशीब आले नाही. सेंट मायकल चर्चमध्ये मध्ययुगातील एव्हरिंगहॅम घराण्याच्या दगडी प्रतिमा आहेत आणि लाकडात कोरलेली एक स्त्रीप्रतिमाही आहे, जी दुर्मीळ मानली जाते. या चर्चचा १८५९-६० मध्ये अर्ल मॅन्व्हर्स यांनी जीर्णोद्धार केला, तेव्हा इमारतीची लांबी कमी करण्यात आली आणि मनोरा नव्याने उभारला गेला. ज्या घराण्याच्या जहागिरीत शेताची रीत टिकली, त्याच घराण्याने चर्चचा आकार बदलला. त्या काळी वारसा म्हणजे चर्च आणि किल्ला होता. पट्ट्या म्हणजे नुसती शेती होती.

मालकी बदलण्याचे तीन प्रसंग

विसाव्या शतकात चित्र पालटले. शेतीच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी लॅक्सटनकडे लक्ष वेधले आणि गावाला प्रथमच आपण इतरांपेक्षा वेगळे असल्याची जाणीव झाली. त्याच सुमारास मोठ्या जहागिरी मृत्युकराच्या आणि वाढत्या खर्चाच्या ओझ्याखाली मोडत होत्या. जहागीर तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती, तर प्रत्येक पट्टीचा मालक वेगळा झाला असता, आणि वेगळ्या मालकावर पीकफेराचे बंधन घालायला कोणाचाही अधिकार उरला नसता. १९५२ मध्ये सहाव्या अर्ल मॅन्व्हर्स यांनी लॅक्सटनची जमीन एकगठ्ठा कृषी मंत्रालयाला विकली. सरकारने ती खुल्या शेतांची पद्धत चालू राहावी या हेतूने घेतली. अर्ल १९५५ मध्ये वारले आणि त्यांच्यासोबत तो किताबही संपला.

या व्यवहारानंतरची परिस्थिती विचार करण्याजोगी आहे. सरकार जमीनदार झाले आणि शेतकरी सरकारचे कूळ. कुळाच्या करारातच पट्ट्या आणि कोर्टाच्या नियमांचे पालन या गोष्टी आल्या. १९७७ मध्ये संसदेने न्यायप्रशासनाचा कायदा करून देशातील अनेक जुन्यापुराण्या स्थानिक न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्सटनच्या कोर्ट लीटला त्यातून स्पष्टपणे वगळण्यात आले. त्यामुळे ते आजही खेळातले कोर्ट नाही. शेताच्या व्यवस्थापनापुरता त्याला खराखुरा कायदेशीर आधार आहे. इंग्लंडमध्ये इतरत्र काही कोर्ट लीट समारंभापुरती भरतात, पोशाख घालतात, जेवणावळ करतात. लॅक्सटनच्या ज्यूरीच्या बुटांना मात्र नोव्हेंबरचा चिखल लागतो.

दुसरा प्रसंग १९७९ नंतर आला. सरकारी मालमत्ता कमी करण्याच्या धोरणात मंत्रालयाने लॅक्सटन विकायला काढले. गावकरी आणि इतिहासकार दोघांनीही विरोध नोंदवला. अखेर १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्तेचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेकडे गेले आणि व्यवस्था चालू ठेवण्याची जबाबदारीही तिच्याकडे आली. तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा : २०२० मध्ये क्राउन इस्टेटने लॅक्सटन थोरस्बी इस्टेटला विकले, म्हणजे ज्या घराण्याने १९५२ मध्ये ते सरकारला दिले होते, त्याच्याच वारशातील संस्थेला. अडुसष्ट वर्षांचा फेरा मारून जमीन पुन्हा त्याच दाराशी आली.

या तिन्ही प्रसंगांत एक बाब समान आहे. प्रत्येक वेळी गावाचे भवितव्य गावाबाहेरच्या एका टेबलावर ठरले, आणि प्रत्येक वेळी जमीन अखंड राहिली म्हणून व्यवस्था वाचली. सामाईक व्यवस्थांबद्दल बोलताना आपण मालकी विखुरलेली असणे आणि निर्णय लोकांच्या हाती असणे या दोन गोष्टी एकत्र बांधतो. लॅक्सटनमध्ये त्या परस्परविरोधी ठरल्या आहेत. निर्णय लोकांच्या हाती राहिले, कारण मालकी त्यांच्या हाती नव्हती. बहुतेक शेतकरी स्वतंत्र खातेदार झाले असते, तर त्यांच्यापैकी एखाद्याने कधी ना कधी आपली पट्टी कुंपणात घेतली असती, आणि एका कुंपणाने संपूर्ण शेताचा फेर मोडला असता. याला आधार देणारी उदाहरणे इंग्लंडमध्येच आहेत. डेव्हनमधील ब्राँटन येथे आणि लिंकनशरमधील अ‍ॅक्झहोम भागात खुल्या शेतांच्या पट्ट्या अजून दिसतात, परंतु तेथे सामाईक पीकफेर आणि तो राबवणारे कोर्ट उरलेले नाही. जमिनीचा आकार टिकला, रीत गेली.

आज कोठे ताण पडतो

कायदा आणि मालक दोन्ही अनुकूल असले, तरी शेती परवडली पाहिजे. आजच्या कापणीयंत्राला लांबरुंद शेत लागते आणि पट्ट्या कितीही मोठ्या केल्या तरी सलग शेताची बरोबरी करत नाहीत. एका शेतात पीक काढायचे, मग ट्रॅक्टर रस्त्यावरून दुसऱ्या शेतातल्या पट्टीवर न्यायचा, यात वेळ आणि डिझेल दोन्ही जाते. पीक कोणते घ्यायचे याचा निर्णय बाजारभावाप्रमाणे एकट्याने घेता येत नाही, कारण संपूर्ण शेताचा क्रम आधीच ठरलेला असतो. म्हणूनच येथील शेतकरी केवळ खुल्या शेतांवर जगत नाहीत. त्यांच्याकडे कुंपणातली जमीनही असते आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भार ती उचलते. खुली शेते चालू राहतात ती एका अर्थी बंद शेतांच्या पाठबळावर. हे सत्य पर्यटकांसाठीच्या माहितीफलकावर शोभणार नाही, पण अभ्यासात ते टाळता येत नाही.

दुसरा ताण माणसांचा आहे. सर्वत्र होते तसे येथेही शेतांचे एकत्रीकरण होत गेले आणि शेतकरी कुटुंबे कमी झाली. बारा जणांची ज्यूरी भरायची, तर निदान तेवढी माणसे त्या मातीत काम करणारी हवीत, आणि त्यांना एकमेकांच्या हद्दी तोंडपाठ हव्यात. हद्दीचे हे ज्ञान नकाशावरून शिकता येते, पण कोणता शेजारी कोठे एक तास जास्त घालतो, हे ज्ञान वर्षानुवर्षे बरोबर चालल्याशिवाय येत नाही. गावातील घरे शहरात नोकरी करणाऱ्यांना आवडतात आणि शेतकऱ्याच्या मुलाला ती परवडत नाहीत, ही इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सर्वसाधारण अडचण येथे जास्त टोचते, कारण येथे शेतकरी गावात राहणे हाच व्यवस्थेचा गाभा आहे.

गावात माहिती केंद्र आहे आणि शेतांतून फिरण्यासाठी पायवाटा आखलेल्या आहेत. तरीही येथे प्रवेशद्वार नाही, तिकीट नाही, आणि वेशभूषा करून नांगरणी दाखवणारे कोणी नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्या दिवशी लॅक्सटनचा शेतकरी पाहुण्यांना दाखवण्यासाठी गहू पेरील, त्या दिवशी ज्यूरीला तपासायला काही उरणार नाही. मात्र याचा अर्थ असाही होतो, की वारशाचा खर्च पर्यटनातून निघत नाही. तो खर्च शेतकरी आपल्या वेळेतून आणि जमीनमालक आपल्या उत्पन्नातून सोसतो. खासगी मालकाकडे जमीन परत गेल्यानंतर हा भार तो किती काळ आणि कोणत्या अटींवर सोसेल, यावर यापुढे लक्ष ठेवावे लागेल. किल्ल्याच्या टेकडीला आणि चर्चला स्मारक म्हणून संरक्षण देता येते. पीकफेराला तसे देता येत नाही, कारण तो दरवर्षी कोणीतरी नव्याने करावा लागतो.

कोर्ट लीटच्या कामकाजात या अडचणीची जाण दिसते. दंड वसूल झाल्यावर कारभारी लगेच कोर्ट उठवत नाही. पुढच्या वर्षी ज्या शेतात गहू येणार, त्या शेताच्या पाहणीसाठी नवी ज्यूरी आधी नेमली जाते आणि तिचे सदस्य त्याच बैठकीत शपथ घेतात. त्या वेळी ते शेत पड असते किंवा नुकते मोकळे झालेले असते. गव्हाचा दाणाही अजून मातीत पडलेला नसतो.